एवरू?

आमच्या कचेरीत लावण्यासमोर 'चहा सांडला' म्हणायची सोय नाही. कॉम्प्युटरवरची मान वर न करता ती ओरडते, "एवरू?"

एवरू म्हणजे 'कोण'. तेलुगू. सोलापुरात जन्म काढून मला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. आला तो हा एक शब्द, तोही डोकं उठवणारा. "चहा आपला आपण सांडत न्हाय, काका. कुणीतरी सांडतंय की!" बोलतानाही तोंड एवढं वासते, एकेक शब्द असा सुटा करते, की वाटावं मी रस्त्यापलीकडे उभा आहे.

मी या कामगार युनियनचा टायपिस्ट. एकतीस वर्षं झाली. 'सूचित करण्यात येते की' हे वाक्य माझ्याइतकं सुबक जिल्ह्यात कोणी टाइप करत नाही. त्यात कोणाचं नाव नसतं, म्हणून कोणी अडकत नाही. आणि ही सव्वीस वर्षांची पोरगी, आमची प्रसिद्धीप्रमुख, लाल पेन घेऊन माझं प्रत्येक 'करण्यात' खोडते! अहो, तिच्या वयाएवढी तर माझी खुर्ची जुनी आहे.

आधी ती पुण्यात जाहिरात कंपनीत होती. चांगला पगार. एका गिऱ्हाइकानं भाव वाढवले तेव्हा साहेबांनी लिहायला सांगितलं, 'दरांत सुधारणा करण्यात आली आहे.' हिनं विचारलं, "कोणी केली? आणि सुधारणा कसली डोंबलाची?" आठवड्याभरात बाईसाहेब सोलापुरात.

परवा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यानं अकरा बायका काढल्या. गुन्हा काय, तर संडासाच्या दाराला आतून कडी मागितली. फलकावर नोटीस लागली: 'शिस्तभंगामुळे कमी करण्यात आले आहे.' लावण्यानं पत्रक लिहिलं. पहिल्याच ओळीत मॅनेजरचं नाव, आडनाव, हुद्दा. 'यांनी कडी दिली नाही. यांनी अकरा जणींना काढलं.'

आमचे अध्यक्ष अण्णा. माणूस भला, पण मॅनेजरबरोबर उठबस. म्हणाले, "पोरी, 'अन्याय झाला आहे' एवढंच लिही. नाव काढ."

"घरी बाप पण हेच म्हणतो, अण्णा. नाव काढ! पण त्याचा अर्थ निराळा हाय."

"चेष्टा नको. नाव राहिलं तर उद्यापासून तू येऊ नकोस."

"मग माझंच काढा. त्याचं न्हाय निघणार." आणि पर्स उचलून निघून गेली.

अण्णांनी मला पिटाळलं. "काका, समजूत घाला. नाहीच ऐकलं तर तुम्हीच नाव उडवा अन् छापायला द्या."

गेलो कुंभारीला, तिच्या घरी. लावण्या दुकानात गेली होती. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. वडील दारात. मी नमस्कार केला, ते नुसते हसले. "त्यास्नी ऐकू येत न्हाय," आई म्हणाली. "बावीस वर्षं मागावर हुते. खडखडाटानं कान गेलं."

भिंतीवर कॅलेंडरशेजारी प्लास्टिकात घातलेला एक कागद होता. जवळ जाऊन वाचला. 'आपणांस कामावरून कमी करण्यात आले आहे.' वाक्य सुबक होतं. माझ्यासारख्याच कोणीतरी टाइप केलेलं.

"लावण्या तवा चौथीत हुती," आई सांगू लागली. "त्यास्नी मराठी वाचता येत न्हाय. तिनंच वाचून दाखवलं, तोंड मोठं करून करून. ह्यांनी इचारलं, एवरू? कुणी काढलं? पोरीनं तीनदा कागद वाचला, मागचं पान बी बघितलं. मग लई रडली. म्हणाली, नान्ना, ह्यात कुणीच न्हाय."

मला तिथं बसवेना. पोरीची वाट न बघताच उठलो. आयुष्यभर मी हेच टाइप करत आलो की!

दुसऱ्या दिवशी लावण्या आपली पुस्तकं न्यायला कचेरीत आली, तेव्हा पत्रकांचे गठ्ठे टेबलावर होते. मॅनेजरचं नाव पहिल्याच ओळीत, ठळक. अण्णा लालबुंद होऊन आले. "हे कोणाच्या सांगण्यावरून छापण्यात आलं?"

"एवरू?" लावण्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

मी उभा राहिलो. "मी छापलं," म्हणालो. "पंधराशे. सकाळी अकरा जणी चारशे घेऊनसुद्धा गेल्या. आता काढायचं तर आम्हा दोघांना काढा, आणि पत्रावर खाली तुमचं नाव घाला. 'करण्यात आले' मी टाइप करणार नाही."

अण्णांनी आमच्याकडे बघितलं, गठ्ठ्याकडे बघितलं. मग एक पत्रक उचलून, पुटपुटत आत गेले. पत्र काही टाइप करायला आलं नाही.

लावण्यानं एका पत्रकाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. "नान्नाला वाचून दाखवते," एवढंच म्हणाली, तेही हळू आवाजात.

त्यानंतर आमच्या कचेरीत काही डोळे पुसण्यात आले. एवरू, ते मात्र विचारू नका.