उसना पंखा

“ती खुर्ची उचला आधी. साहेब तिच्यावर बसंल आन् बसल्या बसल्या तिलाच लिहून घेईल.”

शेजारच्या पाटलांच्या घरातून हे वाक्य आमच्या मोरीच्या खिडकीपर्यंत आलं तेव्हा मी दात घासत होते. पाठोपाठ पाटीलकाकूंचा आवाज आला, “अहो मावशी, साहेबांना काय जमिनीवर बसवू?” आणि त्यावर कदम मावशींचा, “बसू दे की. तुम्ही न्हाई बसत?”

दोन मिनिटांत मावशी आमच्या मागच्या दारात होत्या. हातात आमचीच घडीची लोखंडी खुर्ची. “ही घे. आजच्या दिवस कुणी मागितली तर द्यायची न्हाई.”

मी मान हलवली.

“तोंडानं बोल गं, कॉन्व्हेंट. बोलायला काय कर लागतो काय?”

मला तो लागत असावा. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी आधी डोक्यात जुळवावं लागे, आणि जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. मावशी मात्र थांबत. कमरेवर हात ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत, बस यायची वाट बघावी तशा.

सानपाड्याच्या आमच्या बैठ्या घरांच्या ओळीत त्या शेवटच्या खोलीत एकट्या राहत. मूळच्या साताऱ्याकडच्या. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी वीस वर्षं आयाचं काम केलं, पण कायम बदलीवर, म्हणजे कुणी रजेवर असेल तेवढ्या दिवसांपुरतं. त्यामुळे हात थकले तेव्हा पेन्शन नाही, फंड नाही. तिथून त्यांनी फक्त एक वाक्य घरी आणलं होतं. कुणी “बरं आहे” म्हटलं की त्या लगेच म्हणत, “बरं हाय म्हणू नगं. दुखतं कुठं ते सांग.” दूधवाल्यालासुद्धा. तो बिचारा खरंच गुडघा दाखवी.

त्यांची दुसरी ख्याती चकल्यांची. मावशींच्या दिवाळीच्या चकल्या ओळीत जानेवारीत वाटल्या जात. तोवर त्या इतक्या मऊ पडत की पाटीलकाका त्यांची बोटाभोवती अंगठी करून दाखवत. आधी का वाटत नाहीत, हे कुणी विचारत नसे.

खुर्चीचं प्रकरण असं होतं. आमच्या ओळीतल्या चार घरांचे कर्ते पुरुष तुर्भ्याच्या एकाच कारखान्यात होते, आणि त्याला टाळं लागलं होतं. माझ्या कॉलेजची फी सवलत, कुणाची आणखी कसली मदत, सगळ्याला उत्पन्नाचा दाखला हवा होता. दाखल्याआधी तलाठी घरी चौकशीला येणार. घरात काय आहे, कोण कमावतं, हे बघून लिहून नेणार.

पहिल्या वेळी तलाठी आले ते थेट पाटलांकडे. काकूंनी मागच्या दारातून आमची खुर्ची नेली, कारण त्यांच्याकडे नव्हती. मग उकडतंय म्हणून आमचा टेबलफॅनही. साहेब तिथून उठून शिंद्यांकडे निघाले, तशी खुर्ची आणि पंखा मागच्या बोळातून त्यांच्या आधी शिंद्यांकडे पोचले. मग गायकवाडांकडे. चौथ्या घरी, म्हणजे आमच्याकडे, दोन्ही परत आले तेव्हा पंखा दमलेला होता, आणि तो डावीकडे फिरायचा बंद होऊन नुसता साहेबांकडे बघत राहिला. आईने काजू घालून शिरा केला होता. साहेबांनी “घरी कसं काय?” विचारलं. आई म्हणाली, “देवाच्या दयेने सगळं ठीक आहे.”

साहेबांनी चारही घरांत एक पंखा, एक खुर्ची लिहिली. चारही अर्ज परत आले.

मावशींना हे कळलं तेव्हा त्या आमच्या उंबऱ्यावर बसून आधी पोटभर हसल्या, मग चिडल्या.

“पाहुणा आला तर त्याला घामात बसवायचं का?” आई म्हणाली.

“पाहुणा? डॉक्टर हाय त्यो. डॉक्टर आला की कुणी दुखणं पदराखाली झाकतं व्हय?”

पुन्हा अर्ज केले. आणि मग मावशींनी तालमी सुरू केल्या. रोज दुपारी त्या आपली ॲल्युमिनियमची बादली घेऊन येत, ती पालथी घालून तिच्यावर बसत, चष्मा नाकाच्या टोकाला आणत आणि तलाठी होत. त्यांच्या खोलीत बसायला तेवढीच एक वस्तू होती, म्हणून ती सगळीकडे बरोबर असे. नियम दोनच. खोटं एक अक्षर बोलायचं नाही. उसनं घरात काही ठेवायचं नाही.

“घरात कमावतं कोण?” मावशी विचारत.

“हे आहेत ना,” आई म्हणे.

“ह्यांना कामावर बोलावलंय का?”

“बोलावतील.”

“बोलावतील म्हंजे आज न्हाई. न्हाई म्हणा, वैनी.”

“अहो, ह्यांच्यासमोर कसं म्हणू?”

बाबा दोन हातांच्या अंतरावर बसून वर्तमानपत्र वाचत असत. चार दिवस तेच पान. पाचव्या दिवशी मावशींनी बादलीवरून वाकून, साहेबपणा सोडून, हळूच विचारलं, “दुखतं कुठं, वैनी?”

आई म्हणाली, “ह्यांची कंपनी बंद आहे. आमच्याकडे आता काही येत नाही.”

आमच्या घरात हे वाक्य तोवर कुणी मोठ्याने म्हटलेलं नव्हतं. बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि उठून मावशींना पाणी आणून दिलं. बाबांनी स्वतः पाणी आणलेलंही मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

ती सकाळ, मी दात घासत असतानाची, याच दुसऱ्या चौकशीची. साहेब तीन घरांत चटईवर बसले. खुर्ची आणि पंखा एकाच घरी दिसले, आमच्या. चारही दाखले मिळाले. माझं कॉलेज सुटलं नाही. मावशींचे आभार मानायला मी तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेले, वाक्य जुळवत, आणि तिन्ही वेळा त्यांनीच “ये, चहा घे” म्हणून वाक्य मोडलं.

पुढच्या वर्षी मावशींचा निराधारांच्या सरकारी पगाराचा अर्ज मी भरला. तसा आग्रह आईचा होता. मावशी एरवी सगळ्या ओळीचे अर्ज भरून घेत, पण स्वतःचा विषय निघाला की त्यांना दूध उतू गेल्याचं आठवे. माझ्या मोठ्या, शाळकरी अक्षरात मी नाव, वय, गाव लिहिलं. ‘मुलगा’ हा रकाना आला.

“ते राहू दे,” मावशी म्हणाल्या.

मुलगा होता. राजू. ऐरोलीला, बसने पाऊण तासावर. आम्ही त्याला कधी पाहिलं नव्हतं. मावशींना महिनाभर धाप लागत होती तेव्हाही नाही. मी मान खाली घालून पुढचा रकाना शोधत होते, तोच त्या डब्यांकडे बघत म्हणाल्या, “दिवाळीला येतो म्हनला की मी डबा उघडत न्हाई. त्याला पहिली कुरकुरीत लागते.”

चकल्या जानेवारीत का यायच्या, ते मला तेव्हा कळलं.

चौकशीच्या सकाळी मावशी मागच्या दारात आल्या. अंगावर हिरवं इरकली लुगडं, ठेवणीतलं. “खुर्ची दे जरा. आन् पंखा.”

मी दोन्ही दिलं. मला वाटलं, काहीतरी तपासायचं असेल. नियम त्यांचेच होते.

आधीच्या तलाठ्यांची बदली झाली होती. हे नवे, तरुण, घामाघूम. ते आमच्या खुर्चीवर बसले, आमच्या पंख्याकडे तोंड करून. मावशी समोर बादलीवर. मी दाराशी, कागद वाचून दाखवायला.

“बरं चाललंय ना, मावशी?”

“बरं हाय की.”

मी वर बघितलं.

“मुलं?”

“एक मुलगा हाय. ऐरोलीला. सांभाळतो मला. ह्यो पंखा त्यानंच आणला बघा.”

“अरे वा,” साहेब म्हणाले, आणि खिशातलं पेन काढलं. “मुलगा सांभाळतो, मग तसंच लिहावं लागेल. अर्ज पुढे जायचा नाही, मावशी. चालेल ना?”

“चालंल,” मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मला सारखं बोल बोल म्हणणारी ती बाई, त्या नजरेने पहिल्यांदाच मला गप्प राहायला सांगत होती.

पुढे जे झालं त्यावरून त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी बादली घेऊन आल्या, आईशी भाजीवर बोलल्या, आणि जाताना माझ्या डोक्यावर एक टपली मारून गेल्या. काही महिन्यांनी त्यांचा पगार सुरू झाला. त्या वर्षी चकल्या दिवाळीच्या पहिल्याच सकाळी आमच्याकडे आल्या. कुरकुरीत होत्या. पाटीलकाकांनाही त्या दिवशी विनोद सुचला नाही. मावशींनी आमच्या घरासाठी काय केलं, ते मी तोवर त्यांना शब्दांत कधी सांगू शकले नाही, आणि पुढेही नाही. जे काही सांगता आलं ते त्या चौकशीच्या सकाळीच, दाराशी उभं राहून.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. माझं वाक्य अजून नीट जुळलं नव्हतं. मी तसंच म्हणून टाकलं.

“साहेब, हा पंखा आमचा आहे. तुम्ही बसलाय ती खुर्चीपण आमची. मावशींची फक्त बादली आहे.”