शुद्ध वाक्याची जोखीम

मिरजेला इनामदार मॅडमच्या जर्मनच्या वर्गात जो कोणी व्याकरणशुद्ध वाक्य बोले, त्याचं वाक्य संध्याकाळपर्यंत खरं होई. त्यामुळे वर्गात सगळ्यांना जर्मन येत होतं, पण बोलत कोणीच नव्हतं.

सुरुवातीला हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ‘कुटुंब’ हा धडा चालू असताना इरफान मुजावर या वायरमनने ‘मला तीन भाऊ आहेत,’ असं सांगितलं. पुस्तकात तसं होतं म्हणून. तो एकुलता एक होता. घरी गेला तर तिघे भाऊ जेवायला बसलेले, आणि अम्मी मधल्याला म्हणत होती की तू फार वाळलास. भाऊ स्वभावाने चांगले निघाले, तेव्हा इरफानची तशी तक्रार नव्हती. फक्त मोटारसायकल त्याला पुन्हा मिळाली नाही.

मग ‘हवामान’ शिकवताना कोणीतरी बाहेर गारा पडताहेत, असं अगदी बिनचूक म्हटलं. दुसऱ्या दिवशी द्राक्षबागायतदारांचे प्रतिनिधी वर्गावर आले. त्यांनी चहा घेतला आणि हा धडा माल उतरल्यावर घ्यावा, अशी विनंती केली. मॅडमना ती रास्त वाटली. हवामान एप्रिलवर गेलं.

तेव्हापासून मुलं जपून बोलू लागली. जपून म्हणजे चुकवून. क्रियापद मुद्दाम भलत्या जागी ठेवलं की वाक्य निरुपद्रवी होई. इतकी नेमकी चूक करायला व्याकरण पक्कं लागतं, आणि त्यांचं ते होतं. पंचाईत झाली ती मॅडमची. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून दुरुस्ती निघून जाई, आणि दुरुस्त झालेलं वाक्य कोणाच्या नावावर धरायचं यावरून वाद होत. अशाच एका दुरुस्तीपायी त्यांच्या घरी कुत्रा आला. तो अजून आहे.

तोंडी परीक्षा मात्र जवळ आली होती. वर्गात बहुतेक नर्सच होत्या. जर्मनीतल्या इस्पितळांतल्या त्यांच्या नोकऱ्या या एका परीक्षेवर अडल्या होत्या, आणि पुण्याहून येणाऱ्या परीक्षक बाई चुकीच्या वाक्याला गुण देणाऱ्यांतल्या नव्हत्या. मॅडमनी पुष्कळ विचार केला. शेवटी त्यांनी वर्गाला सांगितलं की जे आधीच खरं आहे, ते आणखी खरं होऊ शकत नाही. तेव्हा यापुढे फक्त खरं बोलायचं.

नाव, गाव, धंदा हे दहा मिनिटांत संपलं. पुस्तकातले संवाद उपयोगाचे नव्हते, कारण कोलोनच्या स्टेशनवर कोणाचीच पेटी हरवलेली नव्हती. मग नाइलाजाने एकेक खरं बाहेर येऊ लागलं. कोणी म्हणालं, वर्गातला चहा पाणचट असतो. इरफान म्हणाला, मला थोरल्या भावाची भीती वाटते. मागच्या बाकावरून एकीने, मॅडमचं शिकवणं कंटाळवाणं आहे, असं विभक्ती नीट सांभाळून सांगितलं. मॅडमना लागलं. पण वाक्य बरोबर होतं आणि त्यांनी तसं सांगितलंही.

नर्सपैकी करुणा गायकवाड आतापर्यंत एक अक्षर बोलली नव्हती. ती हळूच जर्मनमध्ये म्हणाली, “मी अर्ज भरल्यापासून माझी आई माझ्याशी बोलत नाही.”

मग इरफानने विचारलं, “का?”

प्रश्न कधी खरा होत नाही, त्याला धोका नाही, हे मॅडमच्या तेव्हा ध्यानात आलं. त्या वर्गात उत्तर हवं म्हणून विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता.

“तिला वाटतं, मी परत येणार नाही.”

“येणार आहेस?”

“माहीत नाही.”

पुढे तासभर सगळेच बोलत होते. मध्ये एकाचं लिंग चुकलं. मॅडमनी ते जाऊ दिलं.

परीक्षेच्या दिवशी मॅडम मागे खुर्ची टाकून बसल्या. करुणाची पाळी आली, तेव्हा परीक्षक बाईंनी एक चित्र पुढे केलं. एक प्रौढ बाई, एक तरुण मुलगी आणि मध्ये उघडी बॅग. काय चाललंय ते सांगा, म्हणाल्या. करुणाने चित्राकडे पाहिलं. तिने मान वळवून मॅडमकडेही पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या.

“आई मुलीची बॅग भरते आहे,” करुणा म्हणाली. क्रियापद जागेवर होतं.

संध्याकाळी मॅडम तिच्याबरोबर घरी गेल्या. करुणाची आई पलंगापाशी बसून स्वेटरची घडी घालत होती. बॅग गच्च भरली होती, तरी बाजूला मेतकूट, पापड आणि चटणीचे डबे रांगेत होते.

“बसा की मॅडम,” ती मान वर न करता म्हणाली. “अजून निकाल नाही, काही नाही. पण दुपारपासनं हातच थांबंनात बघा.”

मॅडमनी मनातल्या मनात वाक्य पुन्हा तपासलं. ‘भरते’ आणि ‘भरते आहे’ यांत जर्मन फरक करत नाही, आणि कधी थांबते हे करुणाने सांगितलेलं नव्हतं. त्यांनी चप्पल काढली, खाली बसल्या आणि एकेक डबा पुढे करू लागल्या.

आईने झाकण दाबून पाहिलं. लागेना. मग तिने लेकीकडे पाहिलं.

“करुणा,” ती म्हणाली, “शेजारच्या काकूंची मोठी बॅग मागून आण.”