अडतीस गाणी, एकसष्ट चेहरे

माणूस गाणं कानानं ऐकतो, हा समज आता मागे पडला आहे. गाणं आधी दिसावं लागतं. मोबाइलवर किंवा गाडीच्या टेपवर गाणं लागलं की पडद्यावर एक चौकोन येतो, आणि त्या चौकोनात फोटो नसेल तर ते गाणं बेवारस समजलं जातं.

तेलगाव ते धारूर काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या गहिनीनाथकडे अशी अडतीस बेवारस गाणी होती. ती त्याच्या आईची, छबुबाईची. आसपासच्या गावांत कुठं हळद असली की छबुबाईला बोलावणं असायचंच (नवरदेव बदलून एकवेळ चाललं असतं, छबुबाई बदलून चालत नसे). मागच्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज राहील याची खात्री डॉक्टर देईनात, म्हणून गहिनीनाथनं तिला आठ दिवस अंगणात बसवून सगळी गाणी मोबाइलमध्ये भरून घेतली. ऑपरेशन उत्तम पार पडलं. आवाज गेला. आता ती फक्त कुजबुजते.

एकदा दवाखान्यातून परतताना त्यानं मोबाइल टेपला जोडून तिचंच गाणं लावलं. चौकोनात गाणं बेवारस असल्याचं करडं चिन्ह आलं. म्हातारीनं ते बराच वेळ पाहिलं.

"गाणं म्या म्हनलं," ती कुजबुजली, "मग फोटू कावून न्हाई माजा?"

गहिनीनाथनं कॉलेजात जाणाऱ्या लेकीला, सायलीला, कामाला लावलं. छबुबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून लिंबाखाली बसली आणि इंजेक्शन घेऊन आलेल्या कंपाउंडरकडे पाहावं तशी मोबाइलकडे पाहत राहिली. दहा मिनिटांत तो फोटो अडतीस गाण्यांवर चढला. दुसऱ्या दिवशी काहीही काम नसताना छबुबाई पुढच्या सीटवर बसून धारूरला गेली आणि परत आली. जन्मात एक तरी काम आपण नीट केलं, असं गहिनीनाथला त्या दिवशी वाटलं.

प्रकरण इथंच मिटलं असतं. परंतु तिसऱ्या दिवशी त्याच सीटवर आबासाहेब बसले.

आबासाहेब हे गावातल्या मंडळाचे संस्थापक अध्यक्ष. बोअरला पाणी लागो, कुणाचा पोरगा दहावी पास होवो, कुणाचा दहावा असो, त्यांच्या फोटोशिवाय गावात बॅनर लागत नाही. त्यांनी चौकोन नीट पाहिला.

"गहिनीनाथ, म्हातारीचा फोटू लई चांगला हाय. पर आमी कावून न्हाई त्यात?"

जीपचा स्टँडवरचा नंबर आबासाहेबांच्याच शब्दावर होता. "चुकलं, आबासाहेब," गहिनीनाथ म्हणाला. गाणी पेनड्राइव्हमध्ये भरून मंडळातर्फे गावात वाटायची ठरली आणि लगेच मुखपृष्ठ समिती स्थापन झाली.

समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत वर गोल चौकटींत वरिष्ठ, मध्ये आबासाहेब (कमरेपर्यंत, हात जोडलेले) आणि खाली शुभेच्छुक, असा क्रम ठरला. तो कुणी ठरवला नाही, तो बॅनरवर असतोच. दुसऱ्या बैठकीत मंडळातला विजयसिंहांचा विरोधी गट रुसला, म्हणून त्यांना डावीकडची पट्टी देण्यात आली. तीत ते मोबाइल कानाला लावून कुठंतरी लांब पाहत आहेत. तिसऱ्या बैठकीत राहून गेलेले शुभेच्छुक आले. एकूण चेहरे एकसष्ट. पैकी गॉगल घातलेले चौदा, भावी सरपंच नऊ, छबुबाईचं गाणं ऐकलेला एक (तेही स्वतःच्या हळदीत, तेव्हा त्याचं लक्ष नव्हतं). छबुबाईला उजवीकडचा खालचा कोपरा मिळाला होता, पण 'संकल्पना' म्हणून ज्यांचं नाव होतं, त्यांचा फोटो राहिला होता, तो तिथं गेला. म्हातारी समजूतदार आहे, असं सर्वानुमते ठरलं.

"पप्पा, एवढुशा चौकोनात एकसष्ट तोंडं कशी दिसतील?" सायलीनं विचारलं.

समितीनं तिचा मुद्दा गांभीर्यानं घेतला. प्रत्येक चेहरा मिशीसकट स्पष्ट दिसावा म्हणून चौकात लागणाऱ्या बॅनरच्या मापाचा फोटो करून तो प्रत्येक गाण्याला जोडण्यात आला. तेव्हा पेनड्राइव्हमध्ये जागा पुरेना. मोठे पेनड्राइव्ह आणावेत, तर दोनशे नग आधीच आले होते आणि त्यांच्यावरही आबासाहेब छापून झाले होते. चेहरे लहान करणं शक्य नव्हतं, चेहरे कमी करणं तर गावाच्या शांततेला परवडणारं नव्हतं. राहता राहिली गाणी.

"एका गान्याला चाळीस सेकंद लई झाले," आबासाहेब म्हणाले. "फुडचं कोन ऐकतंय?"

सायलीनं परीक्षेचं कारण सांगून अंग काढून घेतलं. गहिनीनाथनं स्वतः बसून एकेक गाणं कापलं. तोवर त्याच्या मोबाइलमध्ये एकसष्ट जणांचे निवडीसाठी पाठवलेले चारशे फोटो साठले होते. जागा नाही, काहीतरी काढा, असं मोबाइल म्हणू लागला. आबासाहेबांना काढायला त्याचा हात धजेना. त्यानं आईची मूळ गाणी काढली. पेनड्राइव्हमध्ये आहेतच की, असं त्याला वाटलं.

प्रकाशन सोहळा थाटात झाला. जो तो पडद्यावर बोटं फाकवून स्वतःला शोधत होता. गाणं मध्येच थांबलं ते कुणाला कळलं नाही, कारण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. छबुबाईला शाल आणि नारळ मिळाला.

परतताना ती जीपमध्ये म्हणाली, "फोटू ऱ्हाऊ दे. लेक मांडवातून निगती ते गाणं लाव. सगळं."

त्यानं लावलं. चाळीस सेकंदांनी ते थांबून दुसरं सुरू झालं. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा थांबलं.

"फुडचं कुटं गेलं रं?" म्हातारीनं विचारलं. मग तिनंच पुढचं म्हणायला तोंड उघडलं. ओठ हलले, मानेची शीर ताठ झाली, आवाज काही आला नाही. गहिनीनाथनं जीप कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो हमसून रडला.

समितीला दोष देणं अन्यायाचं होईल. तिनं रीतीप्रमाणेच काम केलं. आणि वाचकहो, आपणही म्हातारीचा फोटो कोणत्या कोपऱ्यात बसतो, याचीच काळजी करत इथवर आलात. तिच्या अडतीस गाण्यांपैकी एकाचीही ओळ या मजकुरात नाही, आणि आपण ती मागितलीही नाहीत. तरी आपला एक फोटो, शक्यतो हात जोडलेला, पाठवून द्यावा. बासष्टावी जागा करता येईल.