भाडेकरू जमनाबाई

होळीची सुट्टी संपवून ममता पावरा लोणखेड्याला परतली, तेव्हा घरमालकीण जमनाबाई ओट्यावर घराचे सगळे कागद मांडीत घेऊन बसल्या होत्या. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, उतारा. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर अडकित्ता. शेजारच्या दगूबाई त्यांना धीर देत होत्या, म्हणजे रडू थांबलं की पुन्हा आठवण करून देत होत्या.

"उनी वं उनी, घरनी मालकीन उनी," तिला येताना पाहून दगूबाई म्हणाल्या.

ममताने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

ममता कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. तिचं गाव धडगावच्या पलीकडे डोंगरात. तिथे पाच दिवस मोबाइलला रेंज नव्हती. कॉलेजजवळ खोली मिळवायला तिला दोन महिने लागले होते. सात घरांत खोली रिकामी होती, पण तिचं आडनाव ऐकलं की त्या खोलीत पाहुणे येणार असत. जमनाबाईंनी मात्र "मटन करशी का?" एवढंच विचारलं होतं, आणि ती "कधी कधी" म्हणाल्यावर, "मंग मालेबी देजो," असं म्हणून किल्ली दिली होती. ही खोली गेली तर आठवी कुठे शोधायची, हे ममताला माहीत नव्हतं.

जमनाबाईंनी फोन तिच्यापुढे धरला. "वाच. तुन्हाच फोटो शे ना हाऊ?"

फोटो ममताचाच होता. खाली लिहिलं होतं, घरमालक. त्याखाली जमनाबाईंचा फोटो आणि भाडेकरू. मग मजकूर: 'आपण या महिन्याचे भाडे भरलेले नाही. तीस दिवसांत घर रिकामे करावे.'

काय घडलं असावं, हे समजायला ममताला अर्धं मिनिट पुरलं.

भाड्याचं ॲप ही सुरतेला नोकरी करणाऱ्या भाग्येशची, जमनाबाईंच्या मुलाची कल्पना. होळीच्या आधी आईच्या फोनवर त्याने ते डाउनलोड करून दिलं आणि, "मराठी बोलस ते, तू फक्त उत्तर दे," असं सांगून तो गाडीला निघून गेला. ॲपमधली बाई म्हणाली, "घरमालकाने कॅमेऱ्याकडे पाहून आपले पूर्ण नाव सांगावे." घर जमनाबाईंच्या नवऱ्याच्या नावावर. चाळीस वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे 'भाग्येशना बाप' एवढ्यावर त्यांचं भागत आलं होतं. बाईने तीनदा विचारलं. शेवटी जमनाबाईंनी फोन ममताच्या हातात कोंबला. "तू ले ना नाव. तुन्हा काय लागस तो?"

ममताने कॅमेऱ्याकडे पाहून "सुपडू बन्सीलाल पाटील" असं सांगितलं. बाईने नंबर विचारला. तिने आपला दिला. मग भाडेकरूचं नाव विचारलं गेलं. हे नाव घ्यायला जमनाबाईंची काहीच हरकत नव्हती. त्यांनी फोन परत घेतला, पदर सारखा केला, खणखणीत आवाजात "ममता रेवजी पावरा" म्हटलं आणि नंबर स्वतःचा सांगितला. जो बोलला त्याचा चेहरा, जो बोलला त्याचा फोन. भाड्याची तारीख गेली, तशी नोटीस आपोआप सुटली. ॲपची काही चूक नव्हती.

"मावशी, फोटो उलटे लागलेत," ममता म्हणाली. "दुसरं काही नाही."

"फोटो आपोआप चिटकस का वं?" दगूबाईंनी विचारलं.

"तू आजच मन्ही खोली सोड," जमनाबाई म्हणाल्या. मग त्यांचा त्यांनाच प्रश्न पडला. "पन मी कशी काढू तुले? कागदवर तं तूच मालकीन!"

तेवढ्यात भाग्येशचा फोन आला. आईला घर सोडण्याची नोटीस आली, एवढंच त्याला सकाळी कळलं होतं, आणि तेव्हापासून तो इंटरनेटवर कायदा वाचत होता.

"माय, भिऊ नको!" तो ओरडला. "भाडोत्रीले बी हक्क ऱ्हातस!"

"काय हक्क?"

"नोटीस लेखी लागस. भांडण व्हयनं तरी मालकले पानी तोडता येत नही. इचारा बगर खोलीमा घुसता येत नही. कोन पाव्हना उना, कव्हय जाई, हाई इचारता येत नही!"

जमनाबाईंचे डोळे कोरडे झाले. त्यांनी बोट उगारलं. "आयकं का? पानी तोडता येत नही. इचारा बगर मन्हा घरमा पाय ठेवता येत नही!"

ममताने ऐकलं. तिच्या खोलीचं पाणी जमनाबाई रोज सातला बंद करत. आज भाजी कसली, ते पाहायला त्या दार न वाजवता थेट गॅसपर्यंत येत. मावसबहीण काजल परीक्षेला दोन दिवस आली होती, तर "जाई का हाई?" असं त्यांनी चार वेळा विचारलं होतं.

"मला सगळं मान्य आहे," ती शांतपणे म्हणाली. "लिहूनच देते."

तिने वही काढली आणि सगळी कलमं क्रमाने लिहिली: या घराच्या मालकाने भाडेकरूशी असं वागावं. खाली स्वतः सही केली आणि वही पुढे केली. जमनाबाईंनी जोर देऊन सही केली. दगूबाई साक्षीदार झाल्या.

मग सुपडूआप्पा शेतातून आले. ममताने ॲपमध्ये 'माहिती बदला' दाबलं आणि फोन त्यांच्यासमोर धरला. आप्पांनी स्वतःचं नाव सांगितलं. त्यात त्यांना काही अडचण नव्हती. नंतर ममताने आपलं सांगितलं. 'नोटीस रद्द,' बाई म्हणाली.

जमनाबाईंनी असा श्वास सोडला, की मांडीतली दोन वीजबिलं उडाली. ममताने पायरीवर बूड टेकलं. दगूबाई "बरं व्हयनं बाई" म्हणून जरा निराश होऊन घरी गेल्या.

चहा ठेवता ठेवता जमनाबाई थबकल्या. "पोरी, त्या कागदवर मालकनी काय काय करानं नही, ते लिखेल शे ना?"

"हो मावशी."

"आनि मालक आते आम्ही?"

"हो मावशी."

"आनि सही मन्ही?"

"आणि माझीही," ममता म्हणाली.

जमनाबाईंनी साखरेचा डबा उघडला. "साखर जास्ती टाकू का?" त्यांनी विचारलं.

बाहेर ओट्यावर सुपडूआप्पा तो कागद वाचत होते. विचारल्याशिवाय खोलीत येऊ नये. पाहुण्यांबद्दल हटकू नये. घालवायचं तर आधी लेखी कळवावं. त्यांनी तो दोनदा वाचला, आत एक नजर टाकली आणि ममताला जवळ बोलावलं.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "मन्हं बी नाव भाडोत्रीमा टाकी दे. भाडं मी टाइमवर भरसू."