विश्वाची मानाची जागा

मकपालची नेमणूक कायम व्हायची होती आणि त्यावर जिल्ह्याचे प्रमुख, अकीमसाहेब, यांची सही लागत होती. म्हणून तिच्या आईने, कुल्याशआपाने, मेंढी कापली आणि साहेबांसोबत शेजाऱ्यांनाही जेवायला बोलावलं. लेक बारा वर्षं डोंगरावरच्या वेधशाळेत हंगामी शास्त्रज्ञ होती. विश्व किती वेगाने पसरतंय हे तिने मोजलं होतं. नोकरी मात्र जागची हलली नव्हती.

अकीमसाहेब तोरवर, म्हणजे दारापासून सर्वांत लांबच्या मानाच्या जागी बसले. मेंढीचं उकडलेलं डोकं त्यांच्यापुढे आलं. त्याचा कान कापता कापता त्यांनी विचारलं, "काय गं मुली, तुझ्या त्या विश्वात तोर कुठे असतो?"

"नसतो, साहेब. जो जिथे असेल तिथून त्याला सगळं आपल्यापासूनच लांब पळताना दिसतं. मधोमध असं कुणीच नाही."

सुरी थांबली. "मग आम्ही बसायचं कुठे?"

"मांड गं बाई एखादा तोर," आपा लेकीच्या कानाशी पुटपुटली, "एवढ्या मोठ्या विश्वात एका माणसाची अडचण होते का?"

मकपालने काही तोर मांडला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या फायलीवर शेरा आला: 'विश्वाचे केंद्र अनिश्चित, सबब नेमणूकही अनिश्चित.' लगोलग केंद्रनिश्चिती समिती बसली. प्रत्येक सभासदाने लोक आपल्याला पाहून पळतात हे पुराव्यानिशी मांडलं आणि केंद्र आपल्याच खुर्चीखाली असल्याचं नोंदवलं. पाच केंद्रं झाली. अखेर एकमताने ठरलं, की केंद्र अकीमसाहेबांसोबत असतं. साहेब गरम झऱ्यावर न्हायला गेले तेव्हा विश्वही गेलं. वेधशाळेला तीन दिवस सुट्टी मिळाली.

"या ठरावावर सही करा, नोकरी पक्की," समितीचा कारकून म्हणाला. मकपालने केली नाही.

मग आपाच लेकीच्या नोकरीचा अर्ज घेऊन निघाली. तिला पाहून गावचा कारकून एक पाऊल मागे सरला. अकीमसाहेब मागच्या दाराने मोटारीत बसले. राजधानीतले वरिष्ठ तर थेट विमानाने गेले.

"जितका लांबचा, तितका जोरात पळतो," घरी येऊन आपाने बूट झटकले. "हेच ना गं तुझं बारा वर्षांचं शास्त्र? मी चार दिवसांत पाहिलं, तेही दुर्बिणीशिवाय."

"हेच, आपा."

आता कचेरीच्या नियमाप्रमाणे एकच वाट उरली. 'विश्वाला तोर नाही' असं पाच साक्षीदारांनी लिहून दिलं, तर फाईल उघडणार होती. मेंढी खाल्लेले सगळे शेजारी आपाने बोलावले आणि कागद पुढे केला. एकाचं दूध उतू गेलं, दुसऱ्याची घोडी व्यायली. खोली रिकामी झाली.

आपाने मान वळवली ती थेट तुमच्याकडे.

"आणि तुम्ही हो? इतका वेळ हसत होतात ना? मग मागे का सरकताय? बसा. पेन आहे माझ्याकडे."