शिडी लेंड करायची आहे

चष्मेवाल्यांना दुसऱ्याच्या इंग्रजीतली चूक अजिबात खपत नसे. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांकडून पाटीवरची इंग्रजी अक्षरं वाचून घेता घेता त्या भाषेशी आपलं घरचं नातं जडलंय, असा त्यांचा समज झाला होता. चार दिवस राहायला आलेल्या सासूबाई "जरा टीव्ही सी करते" म्हणाल्या, की हे पेपरातून डोकं वर काढत. "आई, सी नाही, वॉच. सी म्हणजे नुसतं दिसणं. वॉच म्हणजे लक्ष देऊन बघणं." सासूबाई "बरं" म्हणत आणि टीव्ही बंद करून टाकत.

त्या रविवारी सासूबाईंना आपली शाल हवी होती. शाल बॅगेत होती आणि बॅग माळ्यावर. कुणाला सांगायचं कशाला, म्हणून त्या स्टुलावर चढल्या आणि माळ्यावर पोचल्याही. तेवढ्यात खालच्या स्टुलाचा पाय मोडला.

"आई, घाबरू नकोस!" लेक स्वयंपाकघरातून धावत आली.

"मी कशाला घाबरू? पडलंय ते स्टूल," वरून उत्तर आलं.

माळा बाहेरच्या दाराच्या डोक्यावरच होता. जिन्याकडे उघडणाऱ्या झरोक्याला टेकून सासूबाई ऐसपैस बसल्या होत्या.

"अहो, समोरच्या नव्या बिऱ्हाडाकडे शिडी आहे," बायको नवऱ्याला म्हणाली. "सामान आलं तेव्हा पाहिलीय मी. पटकन मागून आणा."

"अगं, मागून आणा काय! तो माणूस दिवसभर फोनवर इंग्रजी झाडत असतो. त्याच्याशी इंग्रजीतच बोलावं लागेल. थांब, शर्ट बदलून येतो."

शर्ट बदलून, भांग पाडून चष्मेवाल्यांनी समोरची बेल वाजवली.

"गुड मॉर्निंग सर. आय वॉन्ट टु लेंड यू लॅडर."

उसनवारीला इंग्रजीत लेंड म्हणतात, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण आपण देतो ते लेंड आणि घेतो ते बॉरो, ही वाटणी त्यांच्या गावीही नव्हती. त्यामुळे ते गेले शिडी मागायला आणि शेजाऱ्याला वाटलं, शिडी द्यायला आलेत.

"ओह, थँक यू! बट आय हॅव अ लॅडर."

"येस, येस! आय नो!"

"देन... नो, थँक यू," असं गोड हसून म्हणत शेजाऱ्यानं दार लावून घेतलं.

"शिडी आहे म्हणतो, आणि वर नको म्हणतो!" चष्मेवाले घरात येऊन धुमसले.

"कसला माणूस म्हणायचा! तुम्ही नीट सांगितलंत ना?"

"शुद्ध इंग्रजीत सांगितलं."

माळ्यावरून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"आई, फार धूळ आहे का गं वर?"

"आहे थोडी. तुमचं चालू द्या."

चष्मेवाले पुन्हा गेले. या वेळी त्यांनी हात जोडले. "प्लीज सर. आय मस्ट लेंड यू लॅडर. व्हेरी अर्जंट!"

शेजाऱ्यानं त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. घामाघूम झालेला माणूस, डोळ्यांत पाणी. त्याचं मन द्रवलं. "ओके, ओके. गिव्ह," तो म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. चष्मेवाले त्या रिकाम्या हाताकडे क्षणभर बघत राहिले आणि मागे फिरले.

"गिव्ह म्हणाला. म्हणजे दे."

"काय दे?"

"तेच तर बोलत नाही ना!"

"खड्ड्यात गेली त्याची शिडी! खाली पेंटर पाटी रंगवतोय, त्याची घेऊन या."

पेंटर एका दुकानाच्या सज्ज्यावर पाय सोडून बसला होता. "पाच मिनिटांत आणून देतो!" असं ओरडून, त्याच्या तोंडून हो-नाही निघायच्या आत चष्मेवाल्यांनी शिडी खांद्यावर टाकली.

जिन्याच्या वळणावर शिडी अडकली. खडखडाट ऐकून शेजारी बाहेर आला. बिचाऱ्यानं खरंच आणली की!

"ओह, थँक यू, थँक यू!" म्हणत त्यानं पुढचं टोक धरून ओढायला सुरुवात केली. मागून ढकलणाऱ्या चष्मेवाल्यांना वाटलं, चला, मदतीला तरी आला. शेवटचं टोक हातातून निसटलं तेव्हा शिडी समोरच्या घरात गेली होती आणि दार बंद झालं होतं.

आता सासूबाई माळ्यावर, पेंटर सज्ज्यावर आणि दोन्ही शिड्या शेजाऱ्याच्या घरात.

"ओ चष्मेवाले!" खालून आरोळी आली. "मी काय इथंच मुक्काम करू?"

चष्मेवाले 'परत द्या'ला इंग्रजी शब्द शोधत तसेच उभे होते. तेवढ्यात झरोक्यातून खणखणीत आवाज आला, "अहो समोरचे! त्या शिड्या घेऊन या जरा. चहाची वेळ झाली, उतरते मी आता."

दार उघडलं. "आलो, मावशी!"

दोन खांद्यांवर दोन शिड्या घेऊन शेजारी हजर झाला. चष्मेवाल्यांचा आ वासला.

"तुम्हाला... आपली भाषा येते?"

"म्हणजे काय! तक्रारी ऐकायची नोकरी आहे माझी, म्हणून फोनवर इंग्रजी. मला वाटलं, तुम्हालाच येत नाही. दोनदा शिडी द्यायला आलात, अगदी काकुळतीला येऊन. म्हटलं, घेऊन टाकावी, उगाच मन मोडायला नको."

"द्यायला? मी मागायला आलो होतो!"

"मग बॉरो म्हणायचं ना. लेंड म्हणजे देणं."

बायकोनं घाईघाईनं तोंड फिरवलं. सासूबाई शेजाऱ्याच्या शिडीवरून शालीसकट उतरल्या. दुसरी शिडी घेऊन दोघे पुरुष खाली धावले. पेंटर जे काही बोलला त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. त्यातली क्रियापदं एकूण एक अचूक होती.

दोघे वर आले तेव्हा चहा तयार होता.

"मग मावशी, गुडघ्याला ते तेल लावलंत का?" शेजाऱ्यानं कप उचलत विचारलं.

चष्मेवाले चमकले. "तुमची ओळख आहे?"

"परवा तासभर गप्पा मारल्या की आम्ही जिन्यात."

चष्मेवाले सावकाश सासूबाईंकडे वळले. "म्हणजे आई, यांना आपली भाषा येते हे तुम्हाला ठाऊक होतं? आणि वर सगळं ऐकूही येत होतं? मग एका शब्दानं बोलला नाहीत?"

"बोलणारच होते हो, जावईबापू," सासूबाई शाल सारखी करत म्हणाल्या. "पण पहिली फेरी ऐकली आणि वाटलं, दुसरी होईपर्यंत थांबावं. दुसरी झाल्यावर तर खाली उतरावंसंच वाटेना."