मगरे सरांच्या वॉर्डातली गैरहजेरी

पोळा. गौरीजेवणाचा दिवस. घटस्थापना. या तिन्ही दिवशी माझी पुतणी प्रज्ञा, जालन्याजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातील निवासी डॉक्टर, वॉर्डात हजर असूनही गैरहजर नोंदली गेली. यास जबाबदार इसम तीन : मेडिसिनचे विभागप्रमुख डॉ. मगरे, त्यांना जाब न विचारणारे अधिष्ठाता, आणि नियमावलीत ‘कामाचे तास वाजवी असावेत’ एवढेच लिहून, वाजवी म्हणजे किती हे न सांगता उठून गेलेला तो अज्ञात लेखक.

पैकी मगरे सरांचा परिचय करून देणे भाग आहे. घनसावंगीच्या न्यायालयात हयातभर नोकरी करून नाना तऱ्हेची माणसे पाहिली. हा नमुना पाहिला नव्हता. महाविद्यालयात अंगठा लावण्याचे यंत्र आहे. सर त्याला ‘भिंतीवरचा पोपट’ म्हणतात आणि परीक्षेसाठी धरली जाणारी वॉर्डाची हजेरी रुग्णांकडून घेतात. सकाळी खाटेपाशी उभे राहून शेजारच्या डॉक्टरकडे बोट दाखवतात. “बाबा, ह्याला वळखता का? काल काय केलं ह्यानं तुमचं?” रुग्णाने ओळखले तरच हजर. एका चतुर मुलाने हसनाबादच्या एका आजोबांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचा सपाटा लावला. ऐन वेळी आजोबा म्हणाले, “वळखतो न. पेपरवाला हाय.” मुलगा गैरहजर.

प्रज्ञाची मात्र ओळख पटूनही गैरहजेरी लागली. घटस्थापनेला पिंपळगाव रेणुकाईच्या एका आजींनी साक्ष दिली, “वळखते की. माझी नाडी धरली अन् उभ्या उभ्याच झोपली लेकरू. म्या हात हलवला न्हाई, जागी व्हईल म्हणून.”

“गैरहजर,” सर म्हणाले. “जा होस्टेलला. आज बिलकुल तोंड दाखवू नको.”

आदल्या दिवशीच्या सकाळपासून ती कामावर होती. मागे तिला स्वतःला डेंग्यू झाला तेव्हा बुडालेले दिवस धरता या तिसऱ्या नोंदीने तिची हजेरी परीक्षेच्या मर्यादेखाली उतरली. वर्ष बुडणार, हे तिने होस्टेलला न जाता घरी येऊन सांगितले आणि ताटावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लेखी तक्रार घेऊन वॉर्ड गाठला.

“कोणत्या नियमाखाली?” मी विचारले.

“बसा काका. प्रज्ञा सांगती, तुम्ही कोर्टातले. झोपलेला साक्षीदार हजर धरत होता का?”

“आम्ही त्याला उठवत होतो.”

“मी न्हाई उठवत.”

“मग रजा द्या. गैरहजेरी कशासाठी?”

“रजा वरून मंजूर व्हावी लागती. माणसं कमी हायेत, म्हणून ती वरून येत न्हाई. गैरहजर लिहायचा अधिकार तेवढा माझा. मंग तेच लिहितो. लेकरू झोपतं तरी.”

“आणि तिचं वर्ष?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “हे विश्रांतीचे दिवस हजेरीत धरा म्हणून वर, अधिष्ठात्यांना, पुनःपुन्हा विचारून राह्यलो, काका. जवाब न्हाई.”

तेवढ्यात कोणाचे तरी सलाईन संपले आणि सर स्वतः धावले. विभागप्रमुखाने सलाईन बदलावे? मी परिचारिकेकडे पाहिले.

“ज्याला हाकलतात त्याची ड्युटी सरच करतात,” ती हळूच म्हणाली. “आज दोघंजण झोपायला गेलेत. जेवणबी इथंच. त्यांच्या बाई वारल्यापासून घरी कोण हाय त्यांना?”

सलाईनवाला रुग्ण, ऊसतोड करणारा एक प्रौढ गृहस्थ, सरांना विचारत होता, “साहेब, तुम्ही घरी कवा जाता?”

“मोजू द्या हो,” सर म्हणाले, आणि त्याचे मनगट धरून बसले. नाडी मोजायला इतका वेळ लागत नाही.

मी तक्रार मागे घेतलेली नाही. प्रतिवादी बदलला आहे. अधिष्ठाता महोदय, जी विश्रांती देणे आपले कर्तव्य होते, ती एका एकाकी म्हाताऱ्याला गैरहजेरी लिहून चोरून द्यावी लागते; आणि त्या झोपेची किंमत म्हणून एका मुलीचे वर्ष आपण कोणत्या अधिकाराने घेत आहात? परीक्षेचे अर्ज बंद होण्यापूर्वी, महाविद्यालयाच्या दर्शनी फलकावर, आपल्या सहीनिशी उत्तर द्यावे.